कळविणे आणि कळणे

श्रोतेहो, मराठीत 'कळविणे' हे मोठे मार्मिक क्रियापद आहे. 'कळणे' या क्रियापदाचे ते प्रयोजक रूप होय. 'हसणे'वरून 'हसविणे', 'बसणे'वरून 'बसविणे', तसेच 'कळणे'वरून 'कळविणे'. समोरचा माणूस हसला नाही, तर आपण त्याला हसविले असे कोणी म्हणत नाही. त्याच न्यायाने, समोरच्याला कळले नाही, तर आपण त्याला कळविले असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. हा साधा नियम घरात आपण सहसा पाळतो. कचेरीत आणि कारखान्यात मात्र तो रोज मोडला जातो. तेथे कागदावर सही झाली, जावक क्रमांक पडला, फलकावर टाचणी बसली, की 'कळविण्यात आले आहे' असे लिहून आपण मोकळे होतो. कोणाला कळले आणि काय कळले, हा प्रश्न फाईलीत कोठेच नसतो.

कंपनी आणि तिच्यात काम करणारी माणसे यांच्यामधील बोलाचाली हा आजचा विषय आहे. विषय वरवर पाहता रुक्ष वाटेल. पण त्यात माणसांची चूल, मुलांचे शिक्षण आणि कधी कधी प्राणही गुंतलेले असतात. मला तो पुस्तकातून कळला नाही; माझ्याच हातून झालेल्या एका चुकीतून कळला. म्हणून प्रथम ती चूक सांगतो.

काही वर्षे मी एका सूतगिरणीत कामगार-अधिकारी होतो. गिरणीतील जुन्या वीजवाहिन्या बदलावयाच्या होत्या आणि ते काम रात्रीच करणे सोयीचे होते. म्हणून सुमारे तीन आठवडे तिसरी पाळी बंद ठेवावी, त्या पाळीच्या लोकांना पहिल्या दोन पाळ्यांत सामावून घ्यावे, कोणाचाही एक दिवसाचाही पगार बुडू नये, असे ठरले. निर्णय रास्त होता. सूचना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी दोन ओळी लिहिल्या : 'पुढील आदेश होईपर्यंत तिसरी पाळी स्थगित करण्यात येत आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.' सही केली, शिक्का मारला आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात तो कागद दरवाज्याजवळच्या फलकावर लागला. वीजवाहिन्यांचा उल्लेख मी केला नाही, कारण तो तांत्रिक भाग होता. तीन आठवड्यांचा केला नाही, कारण मुदत दोन दिवसांनी वाढली तर शब्द खोटा पडेल अशी भीती होती. पगाराचा केला नाही, कारण तो बुडणार नाही हे मला इतके उघड वाटले की ते लिहावे असे सुचलेच नाही.

दोन दिवसांत गिरणीभर एकच बोलणे सुरू झाले : गिरणी विकली जाणार. आज तिसरी पाळी, पौषात दुसरी, मग कुलूप. ज्या प्रदेशात माणसांनी गिरण्या बंद पडताना डोळ्यांनी पाहिल्या आहेत, तेथे 'पुढील आदेश होईपर्यंत' या तीन शब्दांचा दुसरा अर्थ लागणार तरी कोणता? नाक्यावरच्या वाण्याने उधारी आखडली. काही बदली कामगार दुसरीकडे काम शोधू लागले. आणि तिसऱ्या पाळीतील एका कामगाराने शहरातील खोली सोडून बायकोमुलांना गावी धाडले. त्याची थोरली मुलगी दहावीत होती. तीन आठवडे पुरे होण्याआधीच तिसरी पाळी पुन्हा सुरू झाली, तो कुटुंबाला परत घेऊन आला. पण मधल्या काळात मुलीचा परीक्षेचा अर्ज भरावयाची मुदत निघून गेली होती. त्या मुलीचे एक वर्ष माझ्या दोन ओळींनी खाल्ले.

मी त्याला बोलावून घेतले. तो वयाने माझ्याहून मोठा. त्याला सारे मामा म्हणत. मी म्हणालो, "मामा, जाण्यापूर्वी एक शब्द मला विचारायचा होतात." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "कोणत्या दारानं येऊन विचारायचं, साहेब? जॉबरला विचारलं, त्याला ठाऊक नाही. खात्याच्या साहेबाला विचारलं, ते म्हणाले, फलक वाचा. तुमच्या दाराशी शिपाई. तुम्ही कागद लावलात. सांगितलं कुणी नाही."

ते वाक्य मी आजतागायत विसरलेलो नाही. त्यात दोन तक्रारी आहेत. वरून खाली आलेला शब्द अपुरा होता, ही पहिली. खालून वर जाण्याचा रस्ताच नव्हता, ही दुसरी. व्यवस्थापक मंडळी पहिल्या तक्रारीवर पुष्कळ विचार करतात : फलक मोठा लावू, पत्रक काढू, भाषा सोपी करू. दुसरीकडे मात्र सहसा कोणी वळत नाही. माझे म्हणणे असे की, दोहोंपैकी दुसरी अधिक मूलगामी आहे. जेथे प्रश्न वर जाऊ शकतो, तेथे वरून आलेला अपुरा शब्दही दुरुस्त होतो. जेथे प्रश्नाला वाट नाही, तेथे उत्तम लिहिलेली सूचनाही संशयाने वाचली जाते.

खालून वर जाणाऱ्या शब्दाची आपल्याकडील गोष्ट जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांची बाजू प्रथम संघटितपणे मांडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. 'दीनबंधू' पत्र ते चालवीत. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचे एक निवेदन त्या वेळच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. मागण्या काय होत्या? आठवड्याला एक सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. केलेल्या कामाचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तरी मिळावा. कामावर जखमी झालेल्या माणसाला बरे होईपर्यंत वेतन मिळावे. पुढे १८९० च्या एप्रिलमध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये मालकांच्या संघाने आठवड्याच्या सुट्टीची मागणी मान्य केली. म्हणजे, 'आम्हांला सात दिवसांत एक दिवस विसावा द्या', एवढे एक वाक्य गिरणीच्या खात्यातून मालकाच्या खोलीपर्यंत पोहोचावयास सहा वर्षे लागली. चालत गेले तर ते अंतर पाच मिनिटांचे असेल.

हे अंतर इतके का लांबले? मालकांचा स्वार्थ हे एक कारण खरेच. पण दुसरेही कारण होते. मालक आणि कामगार यांच्यामध्ये बोलणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे जॉबर. गावाहून माणसे तोच आणी, कामावर तोच लावी, रजा त्याच्या हाती, काढून टाकणेही त्याच्याच हाती. अडीनडीला कर्ज तोच देई आणि कामाला लावल्याबद्दल दस्तुरीही तोच घेई. बायकांच्या खात्यात हाच अधिकार नायकिणीकडे असे. साहेबाला कामगारांची भाषा येत नसे, कामगाराला साहेबाची. दोहोंचा अर्थ लावणारा हा दुभाष्या. आता ज्या कामगाराची तक्रार जॉबरविरुद्धच असेल, त्याने ती कोणत्या वाटेने पाठवावी? जॉन हेन्री व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ मध्ये नेमलेल्या शाही मजूर आयोगाने नेमके या गाठीवर बोट ठेवले. १९३१ च्या अहवालात त्याने शिफारस केली की, माणसे घेण्या-काढण्याचे काम जॉबरच्या हातून काढून घ्यावे आणि मोठ्या कारखान्यांनी कामगार-अधिकारी नेमावा. १९३४ साली मुंबई प्रांतात झालेल्या कायद्याने सरकारी कामगार-अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण-अधिकारी नेमणे बंधनकारक केले. म्हणजे ज्या खुर्चीत मी बसलो होतो, ती खुर्ची मुळात शब्दाला वाट करून देण्यासाठी मांडलेली होती. आणि त्या खुर्चीच्या दाराशी मीच शिपाई बसविला होता.

कायद्याने याहूनही अधिक केले आहे. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने असे ठरविले की, नोकरीचे नियम इंग्रजीत तर लावावेतच, पण बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही प्रवेशद्वारापाशी लावावेत. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्याने १०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत कार्यसमिती नेमावयास लावण्याची सोय केली. तीत कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत, अशी अट घातली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत कार्यसमिती कायम राहिली, आणि २० किंवा अधिक कामगार असतील तेथे तक्रार निवारण समितीही असावी, अशी तरतूद आहे. फलक, भाषा, मेज आणि खुर्च्या हे सारे कायदा देऊ शकतो. पण मेजाभोवती बसलेल्या माणसाला मनातले बोलावेसे वाटावे, ही गोष्ट कायद्याच्या हाती नाही. अनेक समित्यांची इतिवृत्ते मी पाहिली आहेत. उपाहारगृहातील चहा आणि पंख्याची दुरुस्ती यांपलीकडे त्यांत क्वचितच काही आढळते. ज्या दिवशी गिरणीभर विक्रीची बातमी पसरली होती, त्याच आठवड्यात आमच्याही समितीची बैठक झाली. तीत त्या बातमीचा एक शब्द निघाला नाही. आम्ही चहाच्या कपांविषयी बोललो. आणि माझी ती सूचना, श्रोतेहो, मराठीत होती. कायद्याला सर्वस्वी धरून होती.

हे सारे आपल्याकडील निरक्षरतेमुळे आणि जुन्या रीतींमुळे झाले, असे कोणी म्हणेल. तसे नाही. अमेरिकेत शिकागो शहराजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा प्रचंड कारखाना होता. तेथे टेलिफोनची यंत्रसामग्री होत असे. दिव्यांचा उजेड वाढविला तर काम वाढते काय, हे पाहण्यासाठी १९२४ साली तेथे प्रयोग सुरू झाले. उजेड आणि काम यांचा सरळ मेळ काही बसेना. मग माणसांनाच विचारावे असे ठरले, आणि १९२८ ते १९३० या काळात एकवीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. आरंभी विचारणाऱ्यांजवळ प्रश्नांची यादी असे. लवकरच ध्यानात आले की, यादीतील प्रश्न हे साहेबांचे प्रश्न होते. कामगाराला दुसरेच काही सांगावयाचे होते. तेव्हा यादी बाजूला ठेवली, आणि माणूस जे बोलेल ते मध्ये न तोडता ऐकावयाचे असे ठरविले. मुलाखती लांबल्या, पण त्यांतून कारखाना प्रथमच खरा दिसू लागला.

या प्रयोगांतून काढलेल्या निष्कर्षांवर पुढे विद्वानांनी पुष्कळ आक्षेप घेतले आहेत. त्यांतील एक आक्षेप आपण लक्षात ठेवण्याजोगा आहे. मुलाखत घेणाऱ्याला ऐकण्याचा अधिकार होता. बदल करण्याचा नव्हता. मग हे ऐकणे म्हणजे कोंडलेली वाफ सोडून देण्याची निव्वळ एक झडप तर नव्हे? हा प्रश्न रास्त आहे. ऐकून घ्यावयाचे आणि काहीच करावयाचे नाही, ही न ऐकण्याहून मोठी फसवणूक होय. ज्याचे कधी ऐकलेच गेले नाही, तो निदान आशा बाळगून असतो. ज्याचे ऐकून विसरले गेले, तो पुन्हा तोंड उघडत नाही.

येथपर्यंत रजा, पगार आणि मनस्ताप यांची गोष्ट झाली. वर जाणारा शब्द अडला तर याहून मोठी हानी होते, याचे उदाहरण साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे अमेरिकेचे अंतराळयान उड्डाणानंतर अवघ्या ७३ सेकंदांत आकाशात मोडून पडले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्यू पावले. यानाला रेटा देणाऱ्या अग्निबाणांच्या सांध्यांत रबराची कडी बसविलेली असत. थंडीत ती कडी ताठर होते आणि सांध्यातून तप्त वायू निसटू शकतो, हे अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांना ठाऊक होते. रॉजर बॉइजोली या अभियंत्याने आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये वरिष्ठांना लेखी इशाराही दिला होता. उड्डाणाच्या आदल्या रात्री टेलिफोनवर बैठक झाली. तापमान सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर उड्डाण करू नये, अशी अभियंत्यांची शिफारस होती. फ्लोरिडात ती रात्र गोठविणाऱ्या थंडीची होती. मग कंपनीच्या वरिष्ठांनी आपापसांत विचार केला. त्यांतील एकाने अभियंत्यांच्या प्रमुखाला, अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घाला, असे सुचविले. आणि शिफारस फिरविण्यात आली.

पुढे चौकशी झाली. त्या चौकशीतील सर्वांत विदारक गोष्ट रबराच्या कड्याविषयीची नाही. ज्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी उड्डाणाला अखेरची संमती दिली, त्यांना अभियंत्यांच्या मूळ शिफारशीची वार्ताच नव्हती. टेलिफोन होते, तारा होत्या, जगातील उत्तमोत्तम यंत्रे होती. लिहिणारे आणि वाचणारे दोघेही विद्वान होते. माहिती होती, आणि ती वेळेवर बोलूनही दाखविली गेली होती. पण एकेक पायरी चढताना तिच्यातील 'नको' हा शब्द गळत गेला. आमच्या गिरणीत जॉबरपाशी जे होत असे, तेच तेथे घडले. भाषा, कातडीचा रंग आणि पगार तेवढे वेगळे होते.

याच्या उलट उदाहरणही आहे, आणि ते जपानचे आहे. टोयोटाच्या मोटार-कारखान्यांत, जेथे गाड्या एकामागून एक पुढे सरकत जुळविल्या जातात, तेथे कामगाराच्या डोक्याशी एक दोरी टांगलेली असे. आता काही ठिकाणी तिची जागा बटणाने घेतली आहे. काही चुकते आहे असे दिसले, की कोणत्याही कामगाराने ती दोरी ओढावी. ओढताच फलकावर दिवा लागतो आणि गटाचा प्रमुख धावत त्याच्यापाशी येतो. ठरावीक जागेपर्यंत गाडी पोहोचण्याआधी अडचण सुटली तर ठीक. न सुटली तर काम थांबते. साध्या दोरीत काय एवढे, असे वाटेल. पण विचार करा. तेथे कामगाराला अर्ज लिहावा लागत नाही. तक्रार करणारा म्हणून त्याचे नाव कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. वेळ साधून साहेबाची मर्जी पाहावी लागत नाही. साहेबच त्याच्याकडे चालत येतो, आणि लगेच येतो. दोरी ओढल्यावर कोणीच आले नसते, तर चार दिवसांत ती दोरी धूळ खात पडली असती. दोरीचे सामर्थ्य दोरीत नाही. तिच्या हाकेला धावून येणाऱ्या माणसात आहे.

आता आपला काळ पाहा. सूचनाफलकाची जागा मोबाईलने घेतली आहे. कंपनीचा संदेश क्षणात दहा हजार माणसांच्या खिशात जाऊन वाजतो. तो किती जणांनी उघडला, हेसुद्धा मोजता येते. पण उघडणे म्हणजे कळणे नव्हे. पूर्वी माणसे शब्दांच्या दुष्काळाने अंधारात राहत; आता अतिवृष्टीने राहतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा, विक्रीचे विक्रम, अध्यक्षांचे मनोगत, या साऱ्यांच्या गर्दीत 'पुढील महिन्यापासून कंत्राट नूतनीकरण होणार नाही' ही ओळही त्याच आवाजात येते आणि त्याच बोटाने वर सरकविली जाते. शिवाय वाट बहुधा एकेरीच. त्या संदेशाखाली प्रश्न लिहावा, तर वरिष्ठ, सहकारी, सारे तो पाहतात. म्हणून कोणी लिहीत नाही. प्रश्न मग दुसऱ्या, खाजगी गटात जातो, आणि तेथे अफवा त्याचे उत्तर देते. अफवा ही काही दुष्ट माणसांची करामत नव्हे. न मिळालेल्या उत्तराची रिकामी जागा भरून काढण्याचा तो माणसाचा स्वाभाविक प्रयत्न असतो.

भाषेचा प्रश्नही नव्या रूपाने उभा आहे. आपण श्रोते देशभर विखुरलेले आहात. कोणी भिलाईत असेल, कोणी जमशेदपुरात, कोणी सुरतेत किंवा बंगळुरात. तेथे परभाषेतील सूचना वाचताना होणारी मनाची तारांबळ आपल्याला परिचित असेल. इकडे चाकणच्या कारखान्यांत आज बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश येथून आलेली पोरे काम करतात, आणि त्यांचा देखरेखनीस पुष्कळदा मराठी असतो. कालपर्यंत जी अडचण आपली होती, तिच्या पलीकडच्या बाजूला आज आपण उभे आहोत. कायदा बहुसंख्यांना समजणाऱ्या भाषेबद्दल बोलतो. पण यंत्रात हात सापडावयाचा तो बहुसंख्यांतील माणसाचाच सापडेल, असा काही नेम नाही.

मग करावे काय? त्या चुकीनंतर आमच्या गिरणीत आम्ही जे थोडे केले, ते सांगतो. त्यात नवल काहीच नाही.

पहिली गोष्ट, कोणताही बदल फलकावर लागण्यापूर्वी तो जॉबर आणि खातेप्रमुख यांना समजावून सांगावयाचा. कामगार पहिला प्रश्न त्यांनाच विचारतो. 'मला ठाऊक नाही' असे उत्तर द्यावे लागले, की त्या माणसाची पत जाते. आणि पत राखण्यासाठी तो काहीतरी रचून सांगू लागतो. जुन्या जॉबरची सत्ता वाईट होती. पण मधल्या माणसाला अजिबात वगळणे हा तिच्यावरचा उपाय नव्हे.

दुसरी गोष्ट, प्रत्येक सूचनेने चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत : काय होणार, का होणार, कधीपर्यंत, आणि माझ्या पगाराचे काय. एखाद्या प्रश्नाचे उत्तर अजून ठरले नसेल, तर 'हे अजून ठरलेले नाही, अमुक तारखेस सांगू' असे लिहावे. न ठरलेले न ठरलेले म्हणून सांगण्यात कमीपणा नाही. माणसे अनिश्चितता सोसतात; लपवाछपवी सोसत नाहीत.

तिसरी गोष्ट, वाईट बातमी कागदाने पाठवू नये. ज्याने निर्णय घेतला, त्याने खात्यात जाऊन ती स्वतःच्या तोंडाने सांगावी आणि समोर उभे राहून प्रश्न ऐकावेत. पाळी बदलताना भोंग्याआधीची दहा मिनिटे आम्ही यासाठी राखली. पहिल्या आठवड्यात कोणी बोलले नाही. दुसऱ्या आठवड्यात एकाने विचारले, ओल्या फरशीवर दोन माणसे घसरून पडली, तिसरा पडेपर्यंत थांबायचे काय? फरशी त्याच दिवशी दुरुस्त झाली. त्यानंतर दहा मिनिटे पुरेनाशी झाली.

चौथी गोष्ट, वर आलेल्या प्रत्येक प्रश्नाला आठ दिवसांत उत्तर. उत्तर 'नाही' असले तरी चालेल, पण कारणासह असावे. आणि पाचवी, जी सर्वांत कठीण : बोलणाऱ्याचे नुकसान होऊ देऊ नये. अप्रिय गोष्ट सांगणाऱ्या एका माणसाची बदली झाली, की शंभर माणसे गप्प होतात. आणि ती शांतता पाहून आपण समजतो की कारखाना समाधानी आहे.

याला मर्यादाही आहेत, आणि त्या लपवून ठेवू नयेत. व्यापारातील प्रत्येक गोष्ट वेळेआधी सांगता येत नाही. जी सांगता येत नाही, ती सांगता येत नाही असे म्हणावे. खोटे सांगू नये. दुसरे, गोड बोलण्याने कमी पगार भरून निघत नाही. शब्द हे वेतन नव्हे. संवादाच्या नावाने संघटनेला बगल द्यावी, मागण्यांऐवजी मेळावे भरवावेत, असा बेत कोणी करील, तर कामगार तो बेत ओळखतात. आणि मग खऱ्या शब्दावरचाही त्यांचा विश्वास उडतो. बोलाचाली न्यायाची जागा घेऊ शकत नाही. अन्याय कोठे होतो आहे, हे ती वेळेवर दाखवू शकते, आणि एवढे काम पुष्कळ आहे.

त्या मुलीने पुढल्या वर्षी परीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली. मामा पेढे घेऊन आला तेव्हा माझ्या दाराशी शिपाई नव्हता. मला आनंद झाला. पण ते गेलेले वर्ष परत आले नाही, हेही मला ठाऊक होते आणि त्यालाही. आम्ही दोघे त्याविषयी काही बोललो नाही.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी पाच माणसांचे दुकान चालवीत असतील, कोणी पाच हजारांचा कारखाना. उद्या सकाळी एखाद्या सूचनेवर सही करण्यापूर्वी ती आपल्या हाताखालच्या एका माणसाला वाचून दाखवा आणि त्याला विचारा, यातून तुम्हांला काय कळले? त्याचे उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका. पुष्कळदा असे होईल की, सूचना पुन्हा लिहावी लागेल. कधी कधी असेही होईल की, निर्णयच पुन्हा करावा लागेल. तसे झाले, तर आपण खऱ्या अर्थाने एकमेकांना काही कळविले असे म्हणता येईल.